महाडीबीटीचा फॉर्म भरण्याआधी

महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. बारावीचा निकाल लागला की सगळे प्रवेशामागे धावतात आणि या फॉर्मला लागणारा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला राहून जातो. तो आधीच काढा. ऐरोली, वाशी, नेरुळचा तालुका ठाणे. खारघर-कामोठ्याचा पनवेल, म्हणजे जिल्हाही रायगड. नवी मुंबईत इथेच घोळ होतो.

खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर योजना विसरा.

पैसे अडकतात ते मात्र बँकेत. ‘खात्याला आधार दिलंय की’ असं सगळेच म्हणतात, पण ते बहुतेकदा नुसतं केवायसी, म्हणजे ओळख पटवण्यापुरतं, असतं. रक्कम येते ती एनपीसीआयकडे (बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणारी संस्था) आधारशी जोडलेल्या खात्यात, आणि असं खातं एका वेळी एकच असतं. शाळेत असताना उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं तिथे असेल तर? मुलाच्या आधारने ‘माय आधार’ या आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कोणत्या बँकेशी जोडलंय ते, बघा. बँक चुकीची दिसली तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा वेगळा फॉर्म द्या.

अर्ज सबमिट केल्यावर तो कॉलेजच्या लॉगिनला जातो. त्रुटी निघाली तर परत येतो, फोनची वाट बघू नका; दर आठवड्याला स्वतः लॉगिन करा.