टाकीचा पातळीमापक, नोंद सातवी: उंची, फरक आणि घड्याळ

नेरूळमधील आमच्या सोसायटीच्या गच्चीवरील टाकीसाठी मी तयार करत असलेल्या पातळीमापकाची ही सातवी नोंद आहे. मागच्या नोंदीपर्यंत अल्ट्रासोनिक सेन्सर झाकणाखाली बसला होता आणि दर पाच मिनिटांनी पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मेमरी कार्डावर उतरू लागली होती. या खेपेस जोडणीला हातही लावलेला नाही, कारण पूर्ण तीन आठवडे एकाच प्रश्नावर गेले: कोणती संख्या साइन्ड (ऋणही होऊ शकणारी) ठेवावी आणि कोणती अनसाइन्ड (फक्त शून्य किंवा धन).

पाण्याची उंची शून्याच्या खाली जात नाही, म्हणून मी ती सुरुवातीपासून अनसाइन्ड ठेवली होती. पाच मिनिटांत उंची दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढली, तर ‘पंप चालू’ अशी नोंद व्हावी, एवढाच नियम होता. पहिल्या आठवड्याची यादी मी पंप सांभाळणाऱ्या काकांना दाखवली, तेव्हा ते लगेच म्हणाले, “अहो सर, रात्री दोनला पंप कोण लावणार? मी साडेपाचला लावतो.” त्या ओळीपाशी आधीची उंची ११५ होती आणि नंतरची ११२. कोणीतरी पाणी वापरले होते, इतकेच. परंतु ११२ मधून ११५ वजा केल्यावर उत्तर उणे ३ न येता ६५,५३३ आले होते, कारण माझ्या आर्डुइनो ऊनो या छोट्या संगणक-बोर्डावर इंट (पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार) १६ बिटांचा असतो आणि अनसाइन्ड वजाबाकी शून्याच्या खाली गेली की ६५,५३६ मिळवून वर येते. ६५,५३३ हे दोनपेक्षा मोठे असल्यामुळे नियमाने आपले काम चोख केले होते.

उंची ऋण होत नसली तरी दोन उंचींमधला फरक ऋण होतो, आणि मला उंचीपेक्षा फरकच हवा होता. प्रकार निवडताना ‘ही राशी ऋण होऊ शकते का’ असे विचारण्यात माझी चूक झाली. ‘हिच्यातून काही वजा होणार आहे का’ हे विचारायला हवे होते.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुरुस्ती करण्याआधी तोच प्रोग्रॅम मी ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डावर चालवून पाहिला आणि चूक नाहीशी झाली. दोन दिवस मी ऊनोच्या बोर्डावरच संशय घेत होतो. खरे कारण भाषेच्या नियमात आहे. प्रोग्रॅम ज्या भाषेत आहे त्या सी++ मध्ये इंटपेक्षा लहान प्रकारच्या संख्या गणिताआधी इंटमध्ये बदलल्या जातात. ईएसपी३२ वर इंट ३२ बिटांचा असल्याने माझ्या १६ बिटी अनसाइन्ड उंची साइन्ड इंट झाल्या आणि उत्तर सरळ उणे ३ आले. ऊनोवर इंटच १६ बिटांचा असल्याने त्या सर्व मूल्यांना इंटमध्ये जागा नव्हती आणि वजाबाकी अनसाइन्डच राहिली. म्हणजे ईएसपी३२ वर प्रोग्रॅम बरोबर चालला तो योगायोगाने. एका बोर्डावर तपासलेला अंकगणिताचा भाग दुसऱ्या बोर्डावर नेताना तो पुन्हा तपासायलाच हवा, हे आता मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.

उंची साइन्ड केली, पण टाकी भरली की नाही हे ठरवणाऱ्या मर्यादा अनसाइन्डच राहिल्या, आणि त्यातून दुसरी चूक निघाली. प्रतिध्वनी परत आला नाही तर माझे फंक्शन उणे १ देते. साइन्ड आणि अनसाइन्ड यांची तुलना करताना ऊनोवर त्या उणे १ चे ६५,५३५ झाले आणि वाचन न मिळालेली टाकी ‘पूर्ण भरली’ अशी दिसू लागली. आर्डुइनोच्या सेटिंगमध्ये कंपायलरच्या (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाच्या) वॉर्निंग माझ्याकडे बंद होत्या. त्या चालू करताच नेमकी ती ओळ दाखवली गेली. ज्यांनी त्या अजून चालू केल्या नसतील त्यांनी आजच कराव्यात, ही कळकळीची विनंती.

यानंतर सगळेच साइन्ड करण्याचा मोह झाला होता, परंतु वेळेच्या बाबतीत तो आवरला. बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारे मिलिस फंक्शन ३२ बिटी अनसाइन्ड संख्या देते आणि ती ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येते. साइन्ड ठेवली असती तर २४ दिवस २० तासांतच ती ऋण झाली असती. शिवाय साइन्ड संख्या मर्यादेबाहेर गेल्यास काय होईल याची हमी सी++ चे प्रमाण देत नाही, अगदी २०२० च्या आवृत्तीतही नाही. अनसाइन्डचे फिरून येणे मात्र नियमाने ठरलेले आहे. अकराला निघून दोनला पोचलेल्या माणसाला तीन तास लागले, हे आपण बारा ओलांडूनही बरोबर सांगतो, तसेच हे आहे. फक्त ‘पुढची वेळ झाली का’ अशी तुलना न करता ‘आत्ताच्या वेळेतून मागची वेळ’ वजा करायची.

पन्नास दिवस थांबणे शक्य नव्हते, म्हणून मिलिसच्या उत्तरात मी एक ठरावीक मोठी संख्या मिळवली, जेणेकरून बोर्ड सुरू झाल्यावर वीस सेकंदांतच ती संख्या शून्यावर यावी. मागची वेळ ४,२९,४९,६२,२९६ आणि आत्ताची ५,००० असताना वजाबाकीने अचूक १०,००० मिलिसेकंद, म्हणजे दहा सेकंद दिले. स्क्रीनवर तो आकडा पाहताना फार समाधान वाटले. मोठ्या यंत्रणांमध्येही असा काळ मोजला जातो: २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ ची वीज २४८ दिवस अखंड चालू राहू न देण्याविषयी आदेश काढला होता, आणि सेकंदाचे शंभरावे भाग मोजणारा ३२ बिटी साइन्ड गणक बरोबर तेवढ्याच दिवसांत भरतो.

सध्याच्या प्रोग्रॅममध्ये उंची, फरक आणि मर्यादा साइन्ड आहेत. वेळ आणि सेन्सरच्या स्थितीचे बिट अनसाइन्ड आहेत. मिळवलेली ती संख्या काढून बोर्ड पुन्हा गच्चीवर लावला आहे. मधे वीज गेली नाही, तर ४९ दिवसांचा खरा टप्पा गणपतीच्या दिवसांत येईल. त्या रात्रीच्या नोंदी आठव्या भागात जशाच्या तशा देईन.