आण्णांची अँजिओप्लास्टी आणि रेशनकार्डावरचं नाव

आण्णा आता घरी आहेत, बरे आहेत, पण तहसीलातल्या पुरवठा शाखेचा (रेशनकार्डाचं काम बघतात ती) राग अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

पहाटे छातीत जळजळ व्हायला लागली, आण्णा म्हणाले पित्त आहे, ओवा खाल्ला, सोडा प्यायले, दीड तास तिथंच गेला. (दरदरून घाम येऊन डावा हात नाहीतर जबडा दुखत असेल तर पित्त म्हणत बसू नका, सरळ 108 लावा.) ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढून रक्ताची गाठ विरघळायचं इंजेक्शन दिलं आणि तिथून छत्रपती संभाजीनगर, कारण आमच्याकडे कॅथलॅबच (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) नाही. हृदयाची एक नस नव्वद टक्के बंद निघाली.

सरकारच्या मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेसाठी आरोग्यमित्राच्या (दवाखान्यात योजनेचं काम बघणारा माणूस) टेबलावर गेलो. त्यांनी कार्डाचा बारा अंकी नंबर टाकला नि म्हणाले, "दादा, यात पेशंटचं नावच नाही."

कार्ड केशरी, त्यावर आण्णांचं नाव शाईनं लिहिलेलं, शिक्कासुद्धा आहे. पण आम्ही भाऊ विभक्त झालो तेव्हा जुन्या कार्डातून त्यांचं नाव कमी केलं आणि नव्यात ऑनलाईन चढवलंच नाही. धान्य आईच्या अंगठ्यावर येत होतं, कुणाला कळणार?

आण्णांना आईच्या भरवशावर ठेवून तीन तास एसटीनं तहसीलला. पहिल्या दिवशी ऑपरेटर ट्रेनिंगला. दुसऱ्या दिवशी ऑपरेटर आहे तर सर्व्हर डाऊन, चारपर्यंत बाकड्यावर बसलो, तोवर आईचे सहा फोन, काय सांगू तिला. तिसऱ्या दिवशी साहेब म्हणतात, आधारवर नावापुढं 'राव' आहे, कार्डावर नाही, प्रतिज्ञापत्र आणा. एका 'राव'साठी! मी म्हटलं, साहेब, माणूस आयसीयूत आहे. तर म्हणे, "सगळे असंच सांगतात."

शेवटी कुणीतरी बाहेर चहाच्या टपरीवर सांगितलं की खिडकीवर उभं राहू नका, नायब तहसीलदारांकडे जा. त्या मॅडमनी मोबाईलवरचा ईसीजी आणि भरतीचा कागद बघितला, ऑपरेटरला आत बोलावलं, दहा मिनिटांत नाव चढलं. दहा मिनिटांचं काम होतं हो. म्हणून दवाखान्याच्या लेटरहेडवर पेशंट भरती असल्याचं पत्र पहिल्याच दिवशी घेऊन जा, मला उशिरा सुचलं.

संध्याकाळी मंजुरी, दुसऱ्या दिवशी स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळी), मंजुरीनंतर एक रुपया लागला नाही. चुलत्यांना 2016 ला स्टेंट टाकली तेव्हा नुसती तीच लाखाच्या वर होती, 2017 ला सरकारनं किमती बांधून दिल्या, तरी दवाखान्याचा सगळा खर्च आमच्यासारख्याला झेपत नाही. योजनेत आता उपचाराच्या खर्चाची मर्यादा दीड लाखाची पाच लाख झालीय आणि पांढरं कार्डही चालतं.

हां, एक राहिलं, आरोग्यमित्राला आधी भेटा, बिल काउंटरला नंतर, आम्ही घाईत वीस हजार भरून बसलो होतो. आणि खरंच इमर्जन्सी असेल तर फोनवरून तात्पुरती मंजुरी मिळते, कागद नंतर देता येतात. आण्णा इंजेक्शननं सावरले होते म्हणून आम्हाला ते लागू झालं नाही.

परवा पारावर बसून चार घरची कार्डं 'मेरा राशन' ॲपवर तपासली. दोन घरांत म्हाताऱ्यांची नावं नव्हती. सोमवारी त्यांना घेऊन मॅडमकडे जायचंय.