ऑटो एसी नक्की कुठले तापमान मोजतो?

नव्या पिकअपचा ऑटो एसी, म्हणजे ठरवलेल्या तापमानानुसार पंखा आणि गारवा आपोआप कमी-जास्त करणारा एसी, सकाळी बुटीबोरीला जाताना अगदी नीट चालायचा, आणि दुपारी परतताना मात्र २४ अंशांवर ठेवूनही पंखा कमी व्हायचे नाव घेत नसे. बाहेर नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, आणि शेजारी बसलेल्या आईच्या अंगावर शाल, अशी स्थिती होती. सर्व्हिस सेंटरमध्ये ‘नागपूरच्या उन्हात ऑटो एसी असाच चालणार’ असे सांगण्यात आले. ते मला पटले नाही. ऊन एसीला जास्त काम करायला लावते हे खरे, पण केबिन गारठल्यावरही तो थांबत नसेल तर त्याचे कारण उन्हापलीकडे शोधायला हवे.

अशा वेळी आधी ऑटो बंद करून पंखा आणि तापमान हाताने ठरवून पाहावे. गारवा हवा तसा कमी-जास्त होत असेल, तर कॉम्प्रेसर, गॅस आणि गरम-थंड हवा मिसळणारी झडप ठीक आहेत असे धरायला हरकत नाही. बिघाड मोजमापात शोधायचा. ही पायरी गाळून कोणी थेट गॅस भरायला निघाले तर त्याला थांबवावे. एसीचा गॅस बंद नळ्यांतून फिरतो, डिझेलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गरजेपेक्षा जास्त भरला तर दाब वाढून ऐन दुपारीच कॉम्प्रेसर बंद पडू लागतो.

मोजमाप मुख्यतः तीन ठिकाणी होते. बाहेरच्या हवेचा सेन्सर पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमागे असतो. सिग्नलला थांबल्यावर तो इंजिनाच्या उष्णतेने काही अंश जास्त दाखवतो, त्याची काळजी नको. उन्हाचा सेन्सर डॅशबोर्डवर काचेजवळ असतो, आणि त्यावर मॅट किंवा मूर्ती आली की गाडीला ऊन जाणवत नाही व गारवा कमी पडतो. माझी तक्रार नेमकी उलट होती, म्हणून संशय तिसऱ्यावर गेला. केबिनच्या हवेचा हा सेन्सर बहुधा स्टिअरिंगच्या आसपास एका लहान जाळीमागे असतो, आणि बऱ्याच गाड्यांत बारीक नळी किंवा छोटा पंखा आतली हवा त्याच्यापर्यंत ओढून आणतो.

ती ओढ आहे की नाही हे टिश्यू पेपरच्या बोटभर तुकड्याने कळते. एसी चालू ठेवून तुकडा जाळीवर टेकवावा आणि सोडावा. ओढ असेल तर तो चिकटून राहतो. माझ्या गाडीत ब्लोअर, म्हणजे एसीचा मुख्य पंखा, पूर्ण वेगात असतानाही तो सरळ खाली पडला.

गाडी ताब्यात देण्यापूर्वी डॅशकॅमची तार टाकताना तिथले पॅनेल काढले गेले होते. वॉरंटी आणि एअरबॅगच्या तारा लक्षात घेऊन मी त्याला हात लावला नाही, वर्कशॉपमध्येच ते उघडायला लावले, तेव्हा नळी सेन्सरपासून निसटून लोंबत असलेली दिसली. म्हणजे सेन्सर केबिनची हवा मोजतच नव्हता; उन्हाने तापलेल्या डॅशबोर्डमागे कोंडलेली हवा मोजत होता, आणि त्या आकड्यानुसार एसी आपले काम चोख करत होता. सकाळी डॅशबोर्ड तापलेला नसे, म्हणून तेव्हा तक्रारही नसे. मे २०२४ मध्ये रामदासपेठेतील स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद केली, तेव्हा आपण सर्वांनी त्या आकड्यावर शंका घेतली आणि तो सेन्सरचाच दोष निघाला; एसीला मात्र अशी शंका घेता येत नाही.

वर्कशॉपमध्ये तक्रार नोंदवतात त्या जॉब कार्डवर ‘एसी नीट चालत नाही’ एवढेच लिहू देऊ नये. ‘दुपारी, ऑटोमध्ये, २४ अंशांवर पंखा कमी होत नाही, हाताने चालवल्यास ठीक’ असे लिहून घ्यावे. गाडी तपासायच्या स्कॅनरवर बिघाडाचा कोड आला नाही म्हणून गाडी परत घेऊ नये, कारण नळी निसटली तरी सेन्सर विजेच्या दृष्टीने शाबूत असतो आणि कोड येत नाही. स्कॅनरवर केबिन सेन्सरचा चालू आकडा उघडायला सांगावा आणि सीटवर ठेवलेल्या साध्या थर्मामीटरशी तो स्वतः ताडून पाहावा, तोही गाडी उन्हात उभी राहून तापल्यानंतर.