अपग्रेडनंतरचा क्रॅश : दोष नेमका कुठे शोधावा?

व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली आणि ते मध्येच बंद पडू लागले, की पहिला सल्ला मिळतो तो ते काढून पुन्हा इन्स्टॉल करण्याचा. हा सल्ला बहुधा वाया जातो. सॉफ्टवेअर काढले तरी आपली सेटिंग्ज वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये तशीच राहतात, कॅश (कामाच्या वेगासाठी साठवलेल्या तात्पुरत्या फाइल्स) अनेकदा वेगळ्याच डिस्कवर असते, ओएफएक्स या सामाईक मानकाचे प्लगइन (जोडून घ्यायची छोटी सॉफ्टवेअर) अनेक सॉफ्टवेअरना सामाईक असलेल्या फोल्डरमध्ये बसलेले असतात आणि ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) तर मुळातच स्वतंत्रपणे बसवलेला असतो. म्हणजे पुन्हा इन्स्टॉल करून आपण बदलतो ते फक्त नुकतेच नवे बसवलेले, आणि जुने ते सगळे जागच्या जागी राहते. अपग्रेडनंतरचे क्रॅश मला तरी बहुतेक वेळा या जुन्या-नव्याच्या सांध्यावरच सापडले आहेत.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी प्रोजेक्टची काळजी घ्यावी लागते, कारण खरे नुकसान तिथेच होऊ शकते. जुने प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडताना ते रूपांतरित केले जाते आणि हे रूपांतर सहसा एकेरी असते; नव्या आवृत्तीत सेव्ह झालेली फाइल जुनी आवृत्ती उघडत नाही. जिथे सर्व प्रोजेक्ट एकाच डेटाबेसमध्ये राहतात, तिथे तो सबंध डेटाबेसच नव्या रूपात जातो. म्हणून अपग्रेडच्या आधीची प्रत आणि ऑटोसेव्हच्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर हलवून ठेवाव्यात आणि मगच प्रयोग सुरू करावेत. ऑटोसेव्हच्या जुन्या प्रती ठरावीक संख्येनंतर आपोआप पुसल्या जातात, हे घाईत लक्षात राहत नाही.

यानंतर पाहायचे ते क्रॅश कधी होतो. सॉफ्टवेअर सुरू होतानाच, पहिल्या पडद्यावर, बंद पडत असेल तर संशय सेटिंग्जवर, प्लगइनच्या तपासणीवर किंवा ऑडिओ उपकरणाच्या ड्रायव्हरवर घ्यावा. प्रीमिअर प्रोसारख्या काही सॉफ्टवेअरमध्ये सुरू करताना विशिष्ट की दाबून ठेवल्यास सेटिंग्ज मूळ स्थितीत आणता येतात किंवा प्लगइन वगळता येतात, आणि ही चाचणी फुकटची असल्यामुळे मी तिथूनच सुरुवात करते. रिकामे प्रोजेक्ट नीट चालते पण ठरावीक प्रोजेक्ट उघडताच सगळे कोसळते, असे असेल तर दोष त्या प्रोजेक्टमध्ये किंवा त्याच्या कॅशमध्ये असतो. टाइमलाइन (क्लिप क्रमाने मांडलेली पट्टी) अर्धी करून कोणत्या अर्ध्यात क्रॅश होतो हे पाहत गेले, तर एक हजार क्लिपमधूनही दोषी क्लिप सुमारे १० पायऱ्यांत हाती लागते. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण अंदाजाने सेटिंग्ज चाळत बसण्यापेक्षा पुष्कळच लवकर संपते.

अंदाज टाळण्याचा दुसरा मार्ग म्हणजे क्रॅशची नोंद वाचणे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अ‍ॅप्लिकेशन या विभागात १००० क्रमांकाची नोंद सापडते आणि तिच्यात कोणत्या मॉड्यूलमध्ये बिघाड झाला त्या फाइलचे नाव दिलेले असते. मॅकवर हेच काम कन्सोलमधील क्रॅश रिपोर्ट करतात. माझ्या बाबतीत एक्स्पोर्ट दर वेळी वेगवेगळ्या ठिकाणी थांबत असल्याने मेमरीवरच संशय होता, परंतु प्रत्येक नोंदीत नाव एकाच फाइलचे होते आणि ती फाइल नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) कमी करणाऱ्या एका जुन्या प्लगइनची होती. ते प्लगइन फोल्डरबाहेर काढताच एक्स्पोर्ट शेवटपर्यंत गेले. मात्र नोंदीतल्या नावावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, कारण मेमरी एक जण बिघडवतो आणि कोसळतो दुसराच, असेही घडते. तेच नाव पुन्हा पुन्हा आले तरच त्याला वजन द्यावे.

विंडोजच्या सिस्टिम विभागात ४१०१ क्रमांकाची नोंद दिसली तर प्रकरण ग्राफिक्सचे आहे. ग्राफिक्स कार्डाने मूळ सेटिंगनुसार २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज त्याचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करते, आणि तेवढ्या धक्क्याने एडिटिंगचे सॉफ्टवेअर कोसळू शकते. अशा वेळी ड्रायव्हर नवाच हवा असे नाही. नव्या आवृत्तीने मागितलेला किमान ड्रायव्हर कोणता हे पाहून, जुना पूर्ण काढून, तो बसवावा. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी खेळांच्या ड्रायव्हरपेक्षा स्टुडिओ ड्रायव्हर मला अधिक भरवशाचा वाटतो.

ड्रायव्हर योग्य असूनही ग्राफिक्स मेमरी अपुरी पडू शकते, आणि इथला हिशोब करून पाहण्यासारखा आहे. ३८४० गुणिले २१६० ची एक फ्रेम म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता अशा चारही वाहिन्या ३२ बिटांत धरल्या, तर एका पिक्सेलला १६ बाइट्स आणि एका फ्रेमला सुमारे १३३ मेगाबाइट लागतात. शेजारच्या फ्रेम पाहून नॉइज काढणारा इफेक्ट एका वेळी पाच फ्रेम धरत असेल, तर त्याच एका इफेक्टची मागणी ६६० मेगाबाइटच्या पुढे जाते. नव्या आवृत्तीने आधीच थोडी जास्त मेमरी अडवली असेल, तर काल चाललेली टाइमलाइन आज तशीच्या तशी ठेवूनही कोसळते. टाइमलाइनचे रिझोल्यूशन तात्पुरते निम्मे करून क्रॅश थांबतो का हे पाहिले, की या शंकेचा निकाल लागतो. १०-बिट, ४:२:२ एचईव्हीसी (रंगांचा जास्त तपशील ठेवून घट्ट दाबलेल्या) फूटेजचे दुखणे थोडे निराळे असते. ते अनेक ग्राफिक्स कार्डांना हार्डवेअरवर वाचता येत नाही, त्यामुळे प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या स्वरूपांत बदलून घेतलेले बरे.

आणि काम आजच द्यायचे असेल तर? मग कारण शोधणे बाजूला ठेवून व्हिडिओ टीआयएफएफ चित्रांच्या मालिकेत एक्स्पोर्ट करावा. चारशेव्या फ्रेमवर सॉफ्टवेअर कोसळले तरी आधीच्या फ्रेम डिस्कवर शाबूत राहतात आणि पुढचे काम तिथूनच सुरू करता येते. आवाज वेगळा काढून शेवटी जोडायचा. जुन्या आवृत्तीत परतायचे असेल आणि आधीची प्रत नसेल, तर नव्या आवृत्तीतून टाइमलाइन एक्सएमएल या मजकुरी स्वरूपात काढून जुनीत आणता येते. तिच्यातून कट आणि क्लिपची जागा सहसा सुखरूप येतात, पण कलर ग्रेडिंग, टायटल्स आणि बहुतेक इफेक्ट पुन्हा करावे लागतात. ईडीएलचा (कटांच्या साध्या यादीचा) पर्याय त्याहून तोकडा आहे, कारण प्रचलित सीएमएक्स ३६०० स्वरूपात व्हिडिओचा एकच ट्रॅक बसतो.