सातवा दिवस पोरांचा

आमच्या अमळनेरच्या गल्लीतल्या मंडळात गणपतीचे दहा दिवस आधीच वाटून दिलेले असतात. पहिले दोन भजनाचे, तिसऱ्याला संगीत खुर्ची, पाचव्याला बायकांची पाककला स्पर्धा. (परीक्षक कुणीही असो, नंबर भरीतालाच.) सातवा दिवस पोरांचा. २००५ पासून तो मी आणि माझ्या मावसबहिणीने अडवून ठेवला होता.

मी तेव्हा अकरावीला. आतेभावाने पुण्याहून एमपीथ्रीची सीडी आणली होती, वर पेनाने नुसतं ‘इंग्लिश मिक्स’ लिहिलेलं. तिच्यात द व्हाइट स्ट्राइप्स निघाले. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा बँड, माणसं दोनच. जॅक व्हाइट गिटार वाजवणार आणि गाणार, मेग व्हाइट ड्रमवर. बेस गिटारवाला नाही, कीबोर्डवाला नाही. कपडे लाल, पांढरे, काळे, चौथा रंग नाही. असल्या ओबडधोबड, जोरकस वाजवण्याला गॅरेज रॉक म्हणतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ऐकताना एवढंच वाटलं, की पत्र्याच्या शेडमध्ये कुणीतरी जीव खाऊन वाजवतंय. वडिलांचं दुकान पत्र्याच्याच शेडमध्ये होतं, म्हणून असेल.

वडील गाद्या-सोफ्याचं काम करतात. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून मी वाचलं, की हा जॅक व्हाइटही आधी सोफेच शिवायचा. दुकानाचं नाव ‘थर्ड मॅन अपहोल्स्टरी’, पिवळी गाडी, आणि गिऱ्हाइकाला बिल द्यायचं ते रंगीत खडूने लिहून. उड्या मारत घरी येऊन सांगितलं. वडिलांनी तोंडात धरलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, एकेक करून तळहातावर काढल्या आणि म्हणाले, “खडूनं लिहिलं तर पैसे कोण देईन?”

बहीण शाळेच्या लेझीम पथकात ताशा वाजवायची. मला गिटारचे तीन कॉर्ड यायचे. दोनच माणसांत काम भागतं हे कळल्यावर आम्हाला अडवणारं कुणी उरलं नाही. मेगचं वाजवणं साधं, ठाशीव. बहिणीला ते पहिल्याच दिवशी जमलं. गंमत अशी, की ते दोघं जगाला आपण भाऊ-बहीण म्हणून सांगायचे आणि होते घटस्फोटित नवरा-बायको. आम्ही खरोखर मावसभाऊ-मावसबहीण, तरी मागच्या रांगेतल्या आज्यांनी आमचं नातं दोनदा विचारून खात्री करून घेतलीच.

पहिल्या वर्षी आम्ही ‘सेव्हन नेशन आर्मी’ वाजवलं. २००३ सालच्या ‘एलिफंट’ अल्बममधलं. लहानपणी जॅकला ‘साल्व्हेशन आर्मी’ या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचं नाव तसं ऐकू यायचं, त्यावरून हे. सुरुवातीची ती जाड, बेससारखी धून बेसवर वाजवलेलीच नाही. गिटारचा सूर पायातल्या पेडलने एक सप्तक खाली उतरवला आहे. आमच्याकडे कुठलं पेडल! ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्या दादाच्या हातापाया पडलो, त्याने एक बटण दाबून सप्तक खाली केलं. दोनच माणसांचा नियम तिथेच मोडला. धून सात सुरांची. खालून एक काका ओरडले, “हाई काय वाजाडी राहिना रे भाऊ? गानं कोठे शे?”

त्यांना उत्तर पुढच्या वर्षी मिळालं. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात इटलीचे लोक तीच धून ‘पो पो पो’ करत आरवत होते, शब्दांवाचून. ते टीव्हीवर पाहून मी बँडवाल्यांकडे गेलो. बेंजोवाल्याने एकदा ऐकली, मान हलवली, म्हणाला, “एवढंच?” विसर्जनाला बोरीच्या पुलाकडे जाताना त्याने ती वीस मिनिटं सोडली नाही. गुलालाने लाल झालेले ते काका सगळ्यात पुढे नाचत होते. मी एवढ्या वर्षांत जॅक व्हाइटला प्रत्यक्ष एकदाही ऐकलेलं नाही, पण ‘लाइव्ह शो’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो हा पूल.

२००७ च्या जुलैत त्या दोघांनी कॅनडातल्या सेंट जॉन्समध्ये एकच सूर वाजवून कार्यक्रम संपवला. देशातला प्रत्येक प्रांत आणि प्रदेश वाजवून झाला, एवढं सांगून निघून गेले. मला ते फार भारी वाटलं. सप्टेंबरात आम्हीही स्टेजवर गेलो, एक सूर, एक ठोका, नमस्कार, खाली. अध्यक्ष शाल-नारळ घेऊन तयारच उभे होते. “वर्गणी काय एका सुराची घेतली का?” नारळ परत गेला. सेंट जॉन्समध्ये शाल-नारळाची भानगड नसावी.

२०११ च्या फेब्रुवारीत व्हाइट स्ट्राइप्स थांबल्याची बातमी आली. त्याच वर्षी बहीण शिक्षिका होऊन नंदुरबारला गेली. जॅकने पुढच्या वर्षी स्वतःच्या नावावर अल्बम काढला. मी काही काढलं नाही, दुकानात बसलो. सातवा दिवस लहान पोरांनी घेतला, ते आता रिमिक्सवर नाचतात. चांगले नाचतात, तक्रार नाही. फक्त २०१८ साली जॅक मैफिलीत प्रेक्षकांचे मोबाइल कुलूपबंद थैलीत ठेवतो असं वाचून मी मंडळात तसा ठराव मांडला. मुलांचे व्हिडिओ काढायला आलेल्या आयांनी मला बोलूही दिलं नाही.

एक गोष्ट मात्र मी केली. २००४ मध्ये जॅकने सोफ्याचं काम शिकवणाऱ्या आपल्या जुन्या उस्तादाबरोबर, त्याच्या दुकानाला पंचवीस वर्षं झाली म्हणून, शंभर रेकॉर्डी सोफ्या-खुर्च्यांच्या आत शिवून टाकल्या होत्या. दहा वर्षांनी त्यातल्या दोन सापडल्या. हे वडिलांना सांगितलं तर म्हणाले, “आपल्याकडे सोफा फाडला की शेंगांची टरफलं निघतात.” पण मंडळाच्या पाहुण्यांच्या खुर्चीची गादी नव्याने भरायला आली, तेव्हा ते चहाला गेल्याचं पाहून मी २००५ ची ती सीडी काथ्यात सरकवली आणि वरून टाके घातले. वडिलांनी आल्यावर शिवण पाहिली, बोट फिरवलं, काही बोलले नाहीत. शेवटचे दोन टाके तेवढे उसवून परत घातले.

त्या खुर्चीवर दर सातव्या दिवशी अध्यक्ष बसतात.