डिक्लेरेशनच्या आधी मला पेरोल बघू द्या

इथे लंडनच्या पश्चिमेला माझे पेरोलचे जे छोटे क्लायंट आहेत, म्हणजे हॉटेलवाले, डेंटिस्ट, नर्सरी चालवणारे, घरी नॅनी ठेवणारी एक फॅमिली, त्यांच्याकडून मला सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे "ते पेन्शनचं पत्र आलंय, तेवढं भरून टाक ना". सोबत पत्राचा एक तिरका फोटो. पत्र ब्रायटनच्या पेन्शन्स रेग्युलेटरकडून, म्हणजे मालक पेन्शनचे नियम पाळतात की नाही हे बघणाऱ्या सरकारी संस्थेकडून असतं, त्यावर १० अंकी लेटर कोड असतो आणि खाली तारीख असते, त्या तारखेच्या आत डिक्लेरेशन ऑफ कम्प्लायन्स, म्हणजे स्टाफच्या पेन्शनचं नियमाप्रमाणे काय केलं ते सांगणारा फॉर्म, ऑनलाइन भरायचं असतं. मी भरते, तेच माझं काम आहे. पण नुसतं "भरून टाक" म्हटलं की मी भरत नाही, आधी पेरोल आणि पेन्शन स्कीमचं अकाउंट उघडून दाखवा म्हणते, आणि यावरून काही जण वैतागतात. म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

आपल्या लोकांचा पहिला गोंधळ पीएफमुळे होतो. भारतात साधारण २० माणसं झाली की पीएफ लागू होतो हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे "आमच्याकडे चारच जण आहेत, आम्हाला कुठलं पेन्शन" असं अगदी मनापासून वाटतं. इथे तसं नाही. २०१२ च्या ऑक्टोबरात हे ऑटो एनरोलमेंट (मालकाने पात्र स्टाफला स्वतःहून पेन्शन स्कीममध्ये घालायचं, म्हणजे एनरोल करायचं, आणि आपला हिस्सा भरायचा) मोठ्या कंपन्यांपासून सुरू झालं, हळूहळू छोट्यांपर्यंत आलं, आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून नवीन मालकाने पहिला माणूस कामावर घेतला की त्याच दिवसापासून जबाबदारी सुरू. एक माणूस असला तरी. घरात मुलं सांभाळायला बाई ठेवली आणि तिचं पेरोल चालवताय, तर तुम्हीसुद्धा मालक. (कंपनीत तुम्ही एकटेच डायरेक्टर आणि बाकी कोणीच स्टाफ नाही, तर ही ड्यूटी लागू नाही, पण पत्र आलं असेल तर तसं रेग्युलेटरला कळवायचं, पत्र ड्रॉवरमध्ये टाकून मोकळं व्हायचं नाही.)

त्या पहिल्या दिवसापासून डिक्लेरेशनला पाच महिने मिळतात. पोस्टपोनमेंट घेऊन एनरोल करणं तीन महिन्यांपर्यंत पुढे ढकलता येतं, पण डिक्लेरेशनची तारीख त्याने एक दिवससुद्धा पुढे जात नाही, आणि पोस्टपोन केलंय हे स्टाफला सहा आठवड्यांच्या आत लेखी कळवावं लागतं. हे पत्र द्यायचं बरेच जण विसरतात.

फॉर्म तसा अवघड नाही हो. पेये रेफरन्स (पगारातून टॅक्स कापण्यासाठी मालकाला मिळालेला नंबर), कंपनी नंबर, स्कीमचं नाव आणि तिचे रेफरन्स, आणि मग आकडे: त्या तारखेला एकूण स्टाफ किती, त्यातले किती जण एनरोल केले, किती जण आधीच पेन्शनमध्ये होते, आणि या दोन्हीत न बसणारे किती. बेरीज जुळली पाहिजे. कोणालाच एनरोल करायचं नसलं तरी फॉर्म भरावाच लागतो. पण यातल्या प्रत्येक आकड्यामागे एक माणूस आहे, आणि मालकाने त्याचं जे केलं असं तो सांगतोय ते खरंच केलंय का, एवढंच हा फॉर्म विचारतो. मी क्लायंटच्या वतीने भरला तरी कायद्याने जबाबदारी मालकाचीच राहते, आणि माहीत असून किंवा बेफिकिरीने खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. त्यामुळे न बघता आकडे टाकणारा एजंट क्लायंटचं काम हलकं करत नाही, त्याला अडकवतो.

मागे एक काका आले होते, छोटं हॉटेल आहे त्यांचं, वडापाव, थालीपीठ, रविवारी थाळी. "अगं, आमच्याकडे सगळ्यांनी नको म्हटलंय, मी लिहून घेतलंय, तू शून्य टाक." आणि खरंच एक कागद पुढे केला, वर दोन ओळी आणि खाली सगळ्यांच्या सह्या. काका माणूस सज्जन, पोरांच्या हातात चार पैसे जास्त पडावेत एवढंच त्यांच्या मनात होतं. पण त्या कागदाला काहीही किंमत नाही. माणूस आधी स्कीममध्ये आत गेला पाहिजे, त्याला पत्र मिळालं पाहिजे, आणि मग त्याला नको असेल तर त्याने स्वतः स्कीमला कळवून बाहेर पडायचं, त्यासाठी एक महिना मिळतो आणि कापलेले पैसे परत मिळतात. हे मुद्दाम असं ठेवलंय, मालकासमोर उभं राहून "नको" म्हणायची वेळ कोणावर येऊ नये म्हणून. स्टाफला बाहेर पडायला भरीस घालणं, किंवा नोकरी देतानाच "पेन्शन घेणार नाहीस ना" असं विचारणं, हे दोन्ही बेकायदा आहे. मी काकांना म्हटलं, "काका, हा कागद कोणाला दाखवूसुद्धा नका, उलट तोच अंगाशी येईल."

मग बसून एकेकाचं पेरोल बघितलं. २२ वर्षं पूर्ण, स्टेट पेन्शनच्या वयाच्या आत, आणि महिन्याला ८३३ पौंडांच्या वर पगार, म्हणजे वर्षाचे १०,००० पौंड, असे जे होते ते सगळे एनरोल करायला हवे होते. पोळ्या करायला ज्या ताई आहेत त्यांचा पगार महिना १,२०० पौंड. त्यांचा हिशेब मी त्यांच्यासमोरच मांडला: पहिले ५२० पौंड सोडायचे, उरले ६८०, त्याचे ८ टक्के म्हणजे ५४ पौंड ४० पेन्स दर महिन्याला त्यांच्या नावावर. त्यातले २० पौंड ४० काका देणार, ६ पौंड ८० सरकार टॅक्स रिलीफचे घालणार, आणि ताईंच्या पगारातून कापले जाणार २७ पौंड २०. म्हणजे जेवढे कापले त्याच्या दुप्पट जमा. ताईंनी एकच विचारलं, "हॉटेल सोडलं तरी हे माझेच ना?" तुमचेच. मालक बदलला, धंदा बंद पडला, तुम्ही परत साताऱ्याला गेलात तरी तुमचेच, फक्त ५५ वर्षांच्या आधी काढता येत नाहीत आणि एप्रिल २०२८ पासून ते वय ५७ होतंय. त्या राहिल्या स्कीममध्ये. ज्या कागदावर "नको" म्हणून सही होती त्यावर त्यांचीही सही होती, पण हा हिशेब त्यांना तोवर कोणी सांगितलाच नव्हता.

काकांनी नेस्टमध्ये अकाउंट उघडलं (नेस्ट सरकारने उभी केलेली स्कीम आहे, कुठल्याही मालकाला नाही म्हणू शकत नाही, म्हणून छोट्यांना मी बहुतेक वेळा तीच सांगते), सगळ्यांना पत्रं गेली, मागची थकबाकी काकांनी भरली, आणि मग मी डिक्लेरेशन भरलं. तारीख अजून हातात होती म्हणून निभावलं. तारीख उलटली असती तर आधी नोटीस, मग ४०० पौंड दंड, आणि तरी हललं नाही तर रोजचा दंड, पाच ते ४९ जणांच्या मालकाला तो दिवसाला ५०० पौंड असतो. शिवाय उशीर मालकाचा असेल तर थकलेला स्टाफचा हिस्साही मालकाच्या गळ्यात पडू शकतो.

पेरोल बघताना मी अजून दोन गोष्टी शोधते. एक म्हणजे वाढदिवस. वर्षभर कामाला असलेला पोरगा मधेच २२ चा होतो, त्या पगारापासून तो आत यायला हवा, आणि सॉफ्टवेअरमध्ये जन्मतारीख चुकीची असेल तर ते बिचारं गप्प बसतं. दुसरं म्हणजे डिसेंबर. एरवी ६०० पौंड कमावणारा स्टुडंट ख्रिसमसला ओव्हरटाइम मारतो, त्या महिन्याला ९०० होतात, आणि वर्षाचे १०,००० कधीच होणार नसले तरी त्या एका पगाराने त्याला एनरोल करावं लागतं. पोस्टपोनमेंटचा खरा उपयोग इथे आहे, पण ती वेळेवर पत्र देऊन घ्यावी लागते.

आणि एकदा भरलं की संपलं असंही नाही. दर तीन वर्षांनी री-एनरोलमेंट येतं, जे बाहेर पडले होते त्यातले पात्र असलेले लोक परत आत घ्यायचे (गेल्या १२ महिन्यांत बाहेर पडलेल्यांना सोडायची मुभा आहे), आणि री-डिक्लेरेशन भरायचं. क्लायंट म्हणतात, तेच लोक तर आहेत, परत कशाला? मला हे तीन वर्षांचं चक्र पटतं. पंचविशीत "मी काय इथे राहणार आहे" म्हणून बाहेर पडलेला मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी लग्न करून, घराच्या डिपॉझिटचा विचार करत असतो, आणि पेन्शनचा विषय त्याच्यासमोर परत दुसरं कोण काढणार? तो परत बाहेर पडला तर पडू दे, पण विचारलं गेलं पाहिजे.

२०२३ मध्ये इथे एक कायदा पास झालाय, वयाची अट १८ पर्यंत खाली आणण्याची आणि ताईंच्या हिशेबात सोडले तसे पहिले ५२० पौंड सोडणं बंद करण्याची सोय त्यात आहे, पण मी हे लिहितेय तोवर ते अमलात आलेलं नाही. आलं तर मालकांचा खर्च वाढेल, काका मला फोन करून बोलतील हे मला माहितीये, आणि तरी ते यावं असंच मला वाटतं, कारण पगाराच्या पहिल्या पौंडापासून ८ टक्के धरले तर ताईंच्या नावावर ५४ च्या जागी महिन्याला ९६ पौंड जमा होतील.