दिवाळीची ऑर्डर, ग्रीन अ‍ॅपल गायब आणि कोपऱ्यातलं गोल्डन

मी पुण्यात एका बेकरीत प्रॉडक्शन बघते. दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्याकडे सगळी भट्टी एकदम पेटलेली असते, नानकटाई, खारी, केक, मिठाईचे बॉक्स, आणि त्यात यावेळी एका आयटी कंपनीची हॅम्परची ऑर्डर. त्यांची थीम होती सफरचंद. प्रत्येक बॉक्समध्ये दोन अख्खी सफरचंदं, एक छोटा अ‍ॅपल पाय आणि एक जॅमची बाटली, असे 400 बॉक्स. म्हणजे एकच फळ पण कामं तीन, आणि तिन्ही कामांना फळाकडून वेगवेगळी अपेक्षा, हे त्या एका दिवसात जितकं डोळ्यांनी बघितलं तितकं आधी कधीच बघितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

पायसाठी आम्ही कायम ग्रीन अ‍ॅपल वापरतो, म्हणजे ग्रॅनी स्मिथ. आंबट, टणक, ओव्हनमध्ये फोड मोडत नाही. मूळ ऑस्ट्रेलियाचं, 1868 च्या सुमाराला सिडनीजवळ मारिया अ‍ॅन स्मिथ नावाच्या बाईंच्या बागेत उगवलेलं, आणि आपल्याकडे बाजारात येतं ते बहुतेक परदेशातूनच. तर आदल्या संध्याकाळी सप्लायरचा फोन, की कंटेनर अडकलाय, माल येणार नाही, आणि शिल्लक होतं ते त्यानं पाठवलं तर हाताला मऊ. ऑक्टोबरात असं होतं, कारण दक्षिणेकडच्या देशांत ग्रॅनी स्मिथची तोडणी एप्रिलच्या आसपास होते, आपल्यापर्यंत येईस्तोवर ते कितीतरी महिने थंडीत बसलेलं असतं.

आमचे मालक, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते म्हणाले, "अगं सफरचंद ते सफरचंद. वॉशिंग्टन घेऊन टाक, दिसायला लालभडक आहे, तेच खायला, तेच पायमध्ये, तेच जॅमला. एकाच ठिकाणाहून खरेदी, काम संपलं." त्यांचंही बरोबर होतं, डोक्यावर ऑर्डर आणि हातात तीन दिवस. पण मी म्हटलं भाऊ, उद्या दुपारपर्यंत थांबा, मी मार्केटला जाऊन येते.

वॉशिंग्टनला नाही म्हणायचं कारण सांगते. मार्केटमध्ये ज्याला वॉशिंग्टन म्हणतात ते अमेरिकेतलं रेड डेलिशियस. ही जात 19 व्या शतकात आयोवातल्या जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत सापडली आणि त्या काळात चवीवर गाजली. पण नंतर वर्षानुवर्षं जास्त लाल, जास्त लवकर लाल होणारी झाडं निवडत गेले आणि त्यात चव मागे पडली, साल जाड झाली. शिवाय ऑक्टोबरात इथं मिळणारं वॉशिंग्टन बहुतेक मागच्या हंगामातलं, कोल्ड स्टोरेजमधलं. ताजं असेल तर खायला ठीक, पण ते शिजवायचं फळच नाही. आंबटपणा नाही, आणि गरम झालं की एक तर नुसतं गोड लागतं नाहीतर काहीच लागत नाही.

पहाटे गुलटेकडीला मार्केट यार्डात पोचले. फळ विभागात त्या दिवसांत सफरचंदाची नुसती थप्पी असते, एकीकडे हिमाचलचे खोके, आत ट्रेमध्ये एकेक फळ बसवलेलं, एकीकडे काश्मीरच्या लाकडी पेट्या, हमालांची पळापळ, मध्ये उभं राहायला जागा नाही. आमचे नेहमीचे अडते काका गाळ्यावरच होते. मी म्हटलं काका, आज मला रेट आधी नको, आधी कापून दाखवा. त्यांनी सुरी काढली आणि एकेक फोडायला लागले.

किन्नौरचं रॉयल, म्हणजे रॉयल डेलिशियस ही लाल जात, आधी कापलं. किन्नौर म्हणजे हिमाचलचा अगदी उंचावरचा भाग, तिथला माल सगळ्यात शेवटी येतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, त्यामुळे दिवाळीला ते खरोखर ताजं असतं. सुरी आत जाताना करकर आवाज आला आणि पात्यावर रसाचे थेंब उभे राहिले. काकांनी दुसऱ्या एका पेटीतलं त्याच आकाराचं, त्याच्याहून लाल फळ हातात दिलं आणि म्हणाले टिचकी मारा. बद्द आवाज. मग किन्नौरला मारली तर ठणठणीत. ते लालवालं कापलं तर गर कोरडा, पिठूळ. दिसायला दोन्ही सारखी, खरं तर खराब तेच जास्त देखणं. असं फळ कुजलेलं नसतं, होतं काय की साठवणीत पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळतं, मग चावल्यावर पेशी फुटून रस बाहेर येण्याऐवजी त्या नुसत्या एकमेकींपासून सुटतात, म्हणून तोंडात पीठ आल्यासारखं लागतं. घरी पेटी नसते, दुकानदार कापूनही देत नाही, तेव्हा टिचकी मारा, हातात वजन बघा, आणि लाल रंगाकडे न बघता देठाजवळचा, लालच्या खालचा रंग बघा. तिथं हिरवट पिवळा असेल तर छान, पार पिवळा पडला असेल तर ते लगेच खायचं.

मग मला कोपऱ्यात गोल्डनचे, म्हणजे गोल्डन डेलिशियसचे खोके दिसले. पिवळी फळं, काहींवर खरखरीत तपकिरी डाग. मी विचारलं तर काका म्हणाले, "मॅडम, ते कुणी घेत नाही. गिऱ्हाईक पिवळं बघितलं की म्हणतं हे पिकून गेलंय. लालच पाहिजे सगळ्यांना." आणि रेट रॉयलपेक्षा बराच खाली. खरं तर हिमाचलच्या बागेत गोल्डन लागतंच, कारण रॉयल डेलिशियसला स्वतःच्या परागावर फळ धरत नाही, दुसऱ्या जातीचं झाड शेजारी लागतं, आणि ते काम बऱ्याच बागांत गोल्डन करतं. 1916 मध्ये अमेरिकेतून येऊन इथं राहिलेले सॅम्युअल स्टोक्स, पुढे ते सत्यानंद स्टोक्स झाले, त्यांनी अमेरिकेतल्या स्टार्क नर्सरीची डेलिशियसची रोपं शिमला जिल्ह्यातल्या कोटगढ भागात आणून लावली आणि तिथून हिमाचलचं सगळं सफरचंदाचं अर्थकारण उभं राहिलं, पण नाव झालं ते लालचं. ज्याच्या परागावर लाल धरतं ते गोल्डन इथं कोपऱ्यात पडून, मला खरंच वाईट वाटलं.

काश्मीरच्या पेट्यांमध्ये महाराजी नुकतं सुरू झालं होतं. अंगावर पांढरे ठिपके, टणक, उशिरा येणारी जात, सुरुवातीला चांगलीच आंबट. काका म्हणाले हे आत्ता कुणाला आवडत नाही, ठेवून ठेवून जानेवारी-फेब्रुवारीत गोड होतं तेव्हा खपतं. मी एक फोड तोंडात टाकली, डोळे बारीक झाले, आणि मला पाहिजे ते हेच होतं.

सगळ्या जातींची थोडी थोडी फळं घेऊन बेकरीत आले. सगळी खरेदी करायच्या आधी एक टेस्ट करायचीच असं ठरवलेलं. काश्मीरचं डेलिशियस, किन्नौर रॉयल, गोल्डन, महाराजी आणि गाला, प्रत्येकी 200 ग्रॅम, सालं काढून सारख्या फोडी, सारखं बटर, सारखी साखर, सारखी आच, 10 मिनिटं. आमच्या मावशी गेली कित्येक वर्षं सारण बघतात, त्यांना कुठलं कुठलं ते सांगितलंच नाही, नुसत्या वाट्या पुढे ठेवल्या.

डेलिशियसच्या फोडीच्या कडा विरघळल्या आणि मध्ये मात्र कापसासारखं काहीतरी राहिलं. मावशींनी चमचा ठेवला आणि म्हणाल्या, "हे तर नुसतं गोडमिट्ट, सफरचंदाची चवच नाही." किन्नौरचं जरा बरं, पण कच्चं खाताना जी मजा होती ती पार गेली, एवढं चांगलं फळ शिजवणं म्हणजे त्याचं नुकसान. गाला मऊ झालं पण चव गोड, स्वच्छ. लहान बाळांसाठी वाफवून द्यायला ते उत्तम, साखर घालायची गरज नाही. महाराजीची फोड उभीच्या उभी, पण एकटं खाल्लं तर दात आंबतात. आणि गोल्डन, फोड अख्खी, पारदर्शक झालेली, जराशी मधासारखी चव, वास असा की पॅकिंगवाली पोरं आत बघायला आली. मावशींनी ती वाटी संपवूनच खाली ठेवली.

मग गोल्डन दोन भाग आणि महाराजी एक भाग असं मिक्स केलं, थोडं लिंबू, दालचिनी, आणि पाय भाजले. चव पहिल्याच बॅचला जमली, पण कापला तर वरचं आवरण छान फुगलेलं आणि खाली पोकळी, बोट आत जाईल एवढी. सफरचंदात आकारमानाच्या जवळजवळ चौथा हिस्सा हवा असते, म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं. कच्च्या फोडी भरल्या की ओव्हनमध्ये हवा जाते, रस सुटतो, फोडी खाली बसतात आणि तोवर वरचं आवरण कडक झालेलं असतं. ग्रॅनी स्मिथ वापरतानाही आम्ही म्हणूनच फोडी आधी परततो, यावेळी दोन नवीन जाती म्हणून मला कच्चं भरून काय होतं ते बघायचंच होतं. पुढच्या बॅचला फोडी साखर लावून मंद आचेवर ठेवल्या, उकळी अजिबात येऊ द्यायची नाही, 60 ते 70 डिग्रीच्या दरम्यान थोडा वेळ. या तापमानाला फळातलंच एक एन्झाइम पेक्टिनला असं बदलतं की ते कॅल्शियमशी बांधलं जातं, आणि मग ती फोड नंतर ओव्हनच्या उष्णतेतही मोडत नाही. सुटलेला रस वेगळा आटवून परत त्यातच. आता पाय कापला तर वरपासून खालपर्यंत भरीव, सुरीला चिकटणारा पाक आणि फोडीला चाव. भाऊंनी उभ्या उभ्या दोन खाल्ले, तिथंच वॉशिंग्टनचा विषय बंद झाला.

जॅमचं गणित वेगळं. तिथं फोड टिकायला नकोच आहे, तिथं पेक्टिन आणि आंबटपणा पाहिजे, नाहीतर सेट होत नाही. म्हणून जॅमला महाराजीच जास्त, आणि पायसाठी काढलेली सगळी सालं आणि बियांकडचा भाग, बिया तेवढ्या काढून, मलमलच्या फडक्यात बांधून त्याच पातेल्यात सोडला, कारण पेक्टिन सगळ्यात जास्त तिथंच असतं. बाहेरचं पेक्टिन चिमूटभरही घातलं नाही. 105 डिग्रीला उतरवलं, थंड बशीवर थेंब टाकून बोटानं ढकलला, सुरकुती पडली. महाराजीच्या सालीमुळे रंग गुलाबी आला, तो कुणी मागितला नव्हता पण बाटलीत फार सुंदर दिसत होता.

दुपारी कंपनीच्या मॅडम सॅम्पल बघायला आल्या. त्यांचं पहिलं वाक्य, अख्खी सफरचंदं एकदम लाल चकचकीत पाहिजेत, फोटो काढायचेत. मी वाद घातला नाही, दोन बशा ठेवल्या, एकीत वॉशिंग्टनच्या फोडी, एकीत किन्नौरच्या, म्हटलं आधी खाऊन बघा. त्यांनी किन्नौरची दुसरी फोड घेतली, तिसरी घेतली, आणि म्हणाल्या मग हेच द्या, पण हे इतकं लाल का नाही? मी सांगितलं तुमची माणसं हे घरी जाऊन खाणार आहेत, फोटोतलं कुणी खात नाही. मग त्यांनी विचारलं, त्यांची आई सफरचंदाचा शिरा करते, कधी छान होतो कधी चिकट गोळा, तर कुठलं घ्यायचं. गोल्डन घ्या, किसून, तुपावर आधी पाणी आटेपर्यंत परता आणि मग रव्यात घाला. कोशिंबिरीला मात्र गोल्डन नको, तिथं करकरीत आणि थोडं आंबट पाहिजे, म्हणजे ग्रीन अ‍ॅपल नाहीतर महाराजी, आणि चिरल्या चिरल्या लिंबू पिळायचं, नाहीतर हवा लागून काळं पडतं.

बॉक्समध्ये आम्ही एक छोटी चिठ्ठीही टाकली, की सफरचंदं फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर केळ्यांच्या शेजारी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो, त्यानं एकमेकांचं पिकणं वाढतं आणि किन्नौरसारखं फळही थोड्या दिवसांत पिठूळ होतं.

400 बॉक्स वेळेत गेले. जानेवारीत त्याच कंपनीची परत ऑर्डर आली, फक्त पायची. मी परत गुलटेकडीला गेले तर मनासारखं गोल्डन मिळेना, स्टोरेजमधलं होतं ते सुरकुतलेलं, आणि महाराजीच्या पेट्या मात्र सगळीकडे. कापून खाल्लं तर तो ऑक्टोबरातला आंबटपणा बराच उतरलेला. परत वाट्या मांडल्या, परत मावशींना बोलावलं, आणि यावेळी नुसत्या महाराजीचा पाय केला, साखर कमी करून आणि लिंबू थोडं वाढवून.